कोड उघडा आहे म्हणे, पण वाचतंय कोण?

गोधडी

एक भांडण सोडवून द्या. म्हणजे भांडण तसं संपलंय आणि मी हरलेय, पण का हरले ते नीट कळलं नाही म्हणून इथे विचारतेय.

झालं असं की दोन महिने सगळ्यांच्या मागे लागून लागून मी घरच्यांचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नल नावाच्या मेसेजिंग अ‍ॅपवर आणला. कुणी कारण विचारलं की माझं ठरलेलं उत्तर, ओपन सोर्स आहे, सगळा कोड उघड्यावर आहे, कुणीही बघू शकतं त्यामुळे त्यांना लपवाछपवी करताच येत नाही. परवा भावजींनी (ते स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहेत) सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "तू वाचलास का तो कोड?" नाही. "वाचलेला एखादा माणूस तरी ओळखीचा आहे?" नाही. "बरं, मग तुझ्या फोनमध्ये जे चालतंय ते त्याच कोडपासून बनलंय हे तुला कुणी सांगितलं?" इथे माझी बोलतीच बंद. वर जाता जाता म्हणाले की आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, उलट पोलिसांकडे एक जादा चावी असलेली बरी, चोर तरी सापडतील.

मला कोडिंगचा क पण येत नाही. मग माझ्यासारखीला ओपन सोर्स असण्याचा नक्की फायदा काय? "कुणीतरी बघत असेलच" हा माझा निव्वळ भाबडेपणा आहे का? आणि ते चावीचं ऐकायला तरी बरोबर वाटतं, त्यात खोट कुठे आहे?

टर्मिनल_काका

भावजींना नमस्कार सांग, प्रश्न चांगले आहेत. पहिल्या दोनांत फार दम नाही, मी माझ्या गाडीचं इंजिन उघडून बघितलेलं नाही तरी चालवतोच. तिसऱ्यात मात्र दम आहे.

आधी एक गैरसमज काढू. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही २०१६ पासून सिग्नलचाच प्रोटोकॉल आहे, म्हणजे मेसेजला लागणारं कुलूप दोन्हीकडे एकाच बनावटीचं. फरक इतकाच की एकीकडे कुलूप खोलून आतले खटके बघता येतात आणि दुसरीकडे कंपनीच्या शब्दावर भिस्त (रिव्हर्स इंजिनिअरिंग, म्हणजे तयार अ‍ॅप उलगडून आतलं काम ओळखणारे असतात, पण ते फार किचकट काम). टेलिग्रामला लोक ओपन सोर्स म्हणतात, तर त्याचं फक्त अ‍ॅप ओपन आहे, सर्व्हर नाही, आणि ग्रुप तर तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील, मधल्या कंपनीला नाही असे) नसतातच. नुसता शिक्का बघून जाऊ नये, काय उघडं आहे आणि काय नाही ते बघावं. सिग्नलनेसुद्धा २०२० ते २१ मध्ये जवळजवळ वर्षभर सर्व्हरचा नवा कोड बाहेर टाकला नव्हता, लोकांनी तेव्हा बरीच ओरड केली होती आणि ती योग्यच होती.

आता तिसरा प्रश्न. सोर्स कोड वेगळा आणि फोनमध्ये उतरतं ते पॅकेज वेगळं. मधे बिल्ड नावाचा, सोर्सपासून चालणारी फाईल बनवायचा टप्पा असतो, तिथे कुणी काही मिसळलं तर सोर्स कितीही वेळा वाचा, दिसणार नाही. युनिक्सवाल्या केन थॉम्प्सननं १९८४ मध्येच, ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, हे दाखवून दिलं होतं की कंपायलरमध्ये (सोर्सचं मशीनला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चोरवाट ठेवली तर सोर्समध्ये तिचा मागमूसही राहत नाही. यावरचा इलाज म्हणजे रिप्रोड्युसिबल बिल्ड. तोच सोर्स मी माझ्या मशीनवर बिल्ड केला की निघालेली फाईल स्टोअरवरच्या फाईलशी जुळली पाहिजे, कंपनीच्या डिजिटल सहीचा भाग सोडून. सिग्नलच्या अँड्रॉइड अ‍ॅपला हे २०१६ पासून करून बघता येतं. मी दोनदा केलंय. एकदा जुळलं, एकदा माझ्याच गाढवपणामुळे जुळलं नाही आणि त्यात अख्खी रात्र गेली.

उलटतपासणी

काका, "करून बघता येतं" आणि "लोक करून बघतात" यात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि तुम्हीच सांगताय की दोनदा केलंत. अपडेट किती आले मधल्या काळात?

हजार डोळे असले की बग लपत नाही हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. ओपनएसएसएल आठवा, वेबसाईटशी होणारं बोलणं कुलूपबंद करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. इंटरनेटवरच्या किती वेबसाईट त्यावर चालत होत्या, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यातला हार्टब्लीड नावाचा बग बाहेर आला. चूक काय होती तर समोरचा म्हणतो मी इतक्या लांबीचा मजकूर पाठवलाय, आणि सर्व्हरने ती लांबी खरी आहे का ते तपासलंच नाही, म्हणून एकेका वेळेला ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी समोरच्याला बिनबोभाट देऊन मोकळा, त्यात पासवर्ड असो नाहीतर सर्व्हरची खाजगी चावी. ही चूक २०११ च्या ३१ डिसेंबरला रात्री कोडमध्ये घुसली आणि दोन वर्षांहून जास्त तिथेच होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि एवढ्या प्रोजेक्टला वर्षाला देणग्या किती मिळत होत्या, तर साधारण २००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. जे काम सगळ्यांचं ते कुणाचंच नाही.

तर गोधडी, भाबडेपणा आहे का असं विचारलंस, तर हो, आहे.

टर्मिनल_काका

उलटतपासणी, दोन आकडे मान्य, तिसरी बाजू पण सांग ना. हार्टब्लीड सापडला तेव्हा गूगलच्या माणसाला आणि फिनलंडच्या एका कंपनीला तो स्वतंत्रपणे सापडला, आणि त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना खिशात हात घालायला लावला, ओपनबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तोच कोड घेऊन त्यातला कचरा काढून लिब्रेएसएसएल काढलं. बंद कोडमध्ये यातलं काहीच करायची सोय नसते, तुम्ही फक्त कंपनीच्या पॅचची (दुरुस्तीची) वाट बघत बसायचं.

बाकी गोधडी, तुला एक गोष्ट सांगतो ती भावजींना सांग, कारण त्यात दोघांचंही खरं आहे. २०२४. एक्सझेड नावाचं फाईल कॉम्प्रेस करायचं टूल, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि बघणारा माणूस एकटा, थकलेला, फुकट काम करणारा. २०२१ पासून जिआ टॅन नावाचं खातं तिथे मदत करायला लागलं. चांगले पॅच, गोड बोलणं. मग वेगवेगळ्या नावांची खाती त्या एकट्या माणसावर दबाव टाकायला लागली की तुला झेपत नाही तर दुसऱ्याला दे की. ओसरी दिली आणि पाहुण्यानं हातपाय पसरले. दोन वर्षांत तो मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा, झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० मध्ये चोरवाट घातली, तीसुद्धा कशी, तर निम्मी गंमत टेस्टच्या बायनरी फाईलींमध्ये लपवलेली आणि ती चालू करणारा तुकडा गिटवरच्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या, कोडमध्ये नाहीच, फक्त रिलीजच्या पॅकेजमध्ये! म्हणजे भावजींचा तिसरा प्रश्न जसाच्या तसा.

आणि सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, तो डेटाबेसचा वेग मोजत होता. त्याला दिसलं की एसएसएचनं (लांबच्या मशीनमध्ये शिरायचा मार्ग, चोरवाटेचा निशाणा तोच होता) लॉगिन करायला ०.३ सेकंदाऐवजी ०.८ सेकंद लागतायत. अर्धा सेकंद. आपण असतो तर नेटला शिव्या घालून पुढे गेलो असतो, हा खणत बसला आणि २९ मार्चला सगळं जगासमोर मांडलं. तोवर ते डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन प्रकारांपैकी पहिल्याच्या चाचणी आवृत्तीपर्यंत आणि दुसऱ्याच्या येऊ घातलेल्या आवृत्तीपर्यंत पोचलं होतं, सगळ्यांच्या सर्व्हरवर जायच्या थोडंसं आधी अडलं.

आता याला यश म्हणायचं की नशीब हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण खणायला जमीन उघडी होती म्हणून तो खणू शकला एवढं तरी माना.

उलटतपासणी

नशीब. पण दुसरं वाक्य मान्य. वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसच्या वेळी विंडोजमधली ती फट एनएसएला (अमेरिकेची हेरगिरी संस्था) माहीत होती आणि त्यांनी स्वतःकडेच दाबून ठेवली होती, मग ती त्यांच्याकडूनच चोरीला गेली. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला, हल्ला मेमध्ये, आणि तरी इंग्लंडमधली हॉस्पिटलं बसली कारण अपडेटच लावलं नव्हतं. त्यामुळे उघडा की बंद यापेक्षा अपडेट लावलं का हा प्रश्न मला जास्त जवळचा.

निरोप्या

चावीवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, हा माझा आवडता विषय आहे, लांबण लागेल.

"फक्त पोलिसांसाठी चावी" ही कल्पना नवी नाही. अमेरिकेने १९९३ मध्ये क्लिपर चिप आणली होती, फोनमध्ये बसवायची, तिची चावी सरकारकडे. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझने दाखवलं की त्यातला चेकसम (माहिती बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जेमतेम १६ बिटांचा आहे, तो चुकवून सरकारला न कळता तीच चिप वापरता येते. योजना गुंडाळली गेली. मग ग्रीसचं बघा. कायदेशीर टॅपिंगसाठी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जी सोय ठेवलेली असते ती २००४ ते ०५ मध्ये कुणीतरी परस्पर चालू केली आणि शंभरहून जास्त फोन ऐकले, त्यात खुद्द पंतप्रधानांचा. आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या टेलिकॉम कंपन्यांमध्ये चिनी हॅकर घुसले ते टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले, त्यानंतर वर्षानुवर्षं एन्क्रिप्शनविरुद्ध बोलणाऱ्या एफबीआयनेच लोकांना एन्क्रिप्टेड मेसेज वापरा म्हणून सांगितलं. हे वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. चावीला माणूस ओळखता येत नाही हो, ज्याच्या हातात असेल त्याच्यासाठी ती फिरते.

"लपवण्यासारखं काय आहे" याला माझं उत्तर असं की भावजी बाथरूमचं दार लावतात ना? आणि नुसता मजकूर लपवून पण भागत नाही. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं हा मेटाडेटाच बहुतेक सगळं सांगून जातो. एनएसएचे माजी प्रमुख मायकल हेडन २०१४ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की मेटाडेटावरून आम्ही माणसं मारतो. इथे तुझ्या बाजूने एक मुद्दा आहे बघ. २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टामार्फत सिग्नलकडे दोन नंबरांची माहिती मागितली, त्यातल्या एकाचंच खातं होतं आणि त्याबद्दल त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. तू कोड वाचलेला नसलास तरी कोर्टाच्या कागदात काय निघालं ते वाचू शकतेस, आणि ते सोप्या इंग्रजीत आहे.

आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याशी याचा संबंध लोकांना दिसत नाही. फिल झिमरमनने १९९१ मध्ये पीजीपी हे ईमेल एन्क्रिप्ट करायचं सॉफ्टवेअर बाहेर सोडलं तर तीन वर्षं त्याच्यामागे चौकशी, कारण एन्क्रिप्शन म्हणजे शस्त्र आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर कसं जाऊ दिलं. मग पठ्ठ्याने काय केलं, सगळा सोर्स कोड १९९५ मध्ये छापील पुस्तक करून विकला! पुस्तक निर्यात करायला कोण अडवणार? पुढे परदेशात लोकांनी अशीच छापलेली पानं स्कॅन करून परत कोड केला. १९९६ मध्ये चौकशी बंद झाली आणि त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टाईनच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की सोर्स कोड म्हणजे सुद्धा बोलणंच आहे.

पाटीवरचा_खडू

निरोप्या, छान लिहिलंय पण मला हे जरा एकांगी वाटतं. मी तीन वर्षं एक मोठा ग्रुप सांभाळला. एका मुलीच्या मागे बिननावाची पाच खाती लागली होती, तिचे फोटो, पत्ता, काय काय. मी एक उडवलं की दुसरं. तक्रार केली तर उत्तर येतं की आम्हाला मेसेज दिसत नाहीत. आमच्या बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणत ती पाच खाती बोलत राहिली आणि गप्प झाली ती ती मुलगी, ग्रुपच सोडून गेली. तिच्या स्वातंत्र्याचं काय? मला चावी नकोय पण "गणित असं आहे, आम्ही काही करू शकत नाही" हे पण ऐकवत नाही.

निरोप्या

खडू, हे खरं आहे आणि मी वर ते गाळलं. फक्त "दिसत नाहीत" ही अर्धी सबब आहे. एंड टू एंड म्हणजे दोन टोकांना मजकूर उघडाच असतो, त्यामुळे जिला मेसेज आला ती तो रिपोर्टसोबत पाठवू शकते आणि तो खरंच त्याच खात्यातून आला होता हे पडताळायची पद्धत पण आहे, फेसबुकने ती मेसेंजरमध्ये आणलेली. कंपनीने रिपोर्ट वाचायला माणसं ठेवायला हवीत, त्याला पैसे लागतात. गणितावर ढकलणं स्वस्त पडतं.

पण त्या बिननावी खात्यांचं नाव कळायला हवं म्हणशील तर मी नाही म्हणेन. तेच बिननावीपण तिलाही कधीतरी लागेल.

पाटीवरचा_खडू

तिला तेव्हा लागलं नाही, त्यांना लागलं. असो. रिपोर्टवालं पटलं.

रात्रपाळी

विषयांतर, पण ओपन सोर्स आणि अभिव्यक्ती म्हणताय तर नोड-आयपीसी आठवतं का कुणाला, प्रोग्रॅमर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतात ते एक तयार पॅकेज? मार्च २०२२, युक्रेन युद्धाचा निषेध म्हणून लेखकाने स्वतःच्याच पॅकेजमध्ये असा कोड घातला की आयपी पत्ता रशिया किंवा बेलारूसचा दिसला की फाईली पुसायच्या. हजारो जण ते पॅकेज न बघता वापरत होते. निषेध करायचा हक्क त्याला आहेच, फलक लाव, ब्लॉग लिही, पण माझ्या डिस्कवर भाषण नको. त्या दिवसापासून मी आवृत्त्या कुलूपबंद करून ठेवतो, अपडेट आपोआप येऊ देत नाही. (म्हणजे सिक्युरिटी पॅच पण उशिरा येतात, हे मला माहितीये, उलटतपासणीने लगेच धावून येऊ नये.)

उलटतपासणी

आलोच होतो.

गोधडी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. काल भावजींना अर्ध्या सेकंदाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले, मग म्हणाले की हो, हे मला माहीत होतं पण टेस्ट फाईलींचं माहीत नव्हतं. चावीवर मात्र अजून अडून आहेत, ग्रीसचं सांगितल्यावर म्हणाले तिथली व्यवस्थाच ढिसाळ होती. बाथरूमच्या दारावर काही बोलले नाहीत, ताई हसली.

काका, ते फाईल जुळवून बघणं मला जमणार नाही, पण भावजी म्हणाले मी एकदा करून बघतो. एक अख्खी रात्र गेली तर ताईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

खडू, त्या मुलीचं पुढे काय झालं?

पाटीवरचा_खडू

दुसरा ग्रुप काढला तिने. छोटा, ओळखीच्याच लोकांचा. मला अजून बोलावलेलं नाही.