बॉक्सर एमएमएवाल्याला हरवेल का? मांडवीवरचा वाद इथे मांडतोय

मिऱ्याकाठ (रत्नागिरी)
मी संध्याकाळी मुलांना बॉक्सिंग शिकवतो. गेल्या रविवारी मांडवीच्या काळ्या वाळूवर आमचा सराव चालला होता, शेजारी कबड्डीची पोरं खेळत होती. त्यातला एक म्हणाला, "सर, तुमच्या बॉक्सरला एमएमएवाला अर्ध्या मिनिटात लोळवेल." (एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत.) माझ्या मुलांना ते झोंबलं. मलाही झोंबलं, खोटं कशाला बोलू.

माझं मत असं की चांगला बॉक्सर एमएमएवाल्याला हरवू शकतो. त्याला फक्त पाय सोडवायला शिकवलं पाहिजे. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, अंगात मुरायला वर्षं जातात. ठोसा यायच्या आधी समोरच्याचा खांदा किंचित हलतो, तो दिसायला लागणं ही तर पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून जोपासायची नजर आहे. पट, म्हणजे पाय धरून खाली पाडायचा डाव, अडवायला त्या मानाने सहा-आठ महिने पुरतात. 26 ऑगस्ट 2017ला लास वेगासला यूएफसी या एमएमए स्पर्धेचा विजेता कॉनर मॅकग्रेगर बॉक्सर फ्लॉइड मेवेदरसमोर उतरला. सुरुवातीला बरा खेळला, मग दमला, आणि दहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. मेवेदर तेव्हा 40 वर्षांचा होता आणि दोन वर्षं खेळापासून लांब होता.

डावा कोपरा (चिपळूण)
सर, आदर ठेवून बोलतो, पण ती लढत बॉक्सिंगच्या नियमांनी झाली. लाथ नाही, पट नाही, खाली पाडणं नाही. मग त्यातून सिद्ध काय झालं? मेवेदर बॉक्सिंगमध्ये भारी आहे, एवढंच.

उलटी बाजू बघा. 28 ऑगस्ट 2010, बॉस्टन. जेम्स टोनी हा अनेक वजनगटांत विश्वविजेता राहिलेला बॉक्सर एमएमएच्या नियमांनी यूएफसीचा जुना विजेता रँडी कूट्यूरशी लढला. कूट्यूर 47 वर्षांचा, टोनीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याने सुरुवातीलाच खाली वाकून एकेरी पट काढला, टोनी पाठीवर पडला, आणि पहिल्याच फेरीत गळा आवळला गेल्यावर त्याने हार मानली. एक धड ठोसा बसला नाही.

मी 12 वर्षं कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळतोय, म्हणून हे मला आतून कळतं. घोटा धरायला ताकद लागते असं लोकांना वाटतं. खरं तर चढाईवाल्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघायचं असतं. त्याने बोनससाठी पाय टाकला की टाच उचलायच्या आत दोन्ही हातांनी घोटा धरायचा, खांदा पोटरीला लावायचा आणि हात छातीशी ओढायचे. तुमचा बॉक्सर जॅब मारतो तेव्हा वजन पुढच्या पायावर येतं. मला तर तो पाय ताटात वाढून दिल्यासारखा दिसतो.

देवबागचो
अरे पण पाय धरूक खाली वाकतलो ना? मगे तोंड खय येता? 2009त बॉक्सर रे मर्सर 48 वर्षांचो होतो. समोर टिम सिल्व्हिया, यूएफसीचो जुनो हेवीवेट विजेतो. एकच उजवो ठोसो, नऊ सेकंदात सिल्व्हिया आडवो! माका वाटता, ठोसो बसलो तर कुस्ती करूक माणूस उभो रवणा नाय.

लाल माती (मूळचा कोल्हापूर, सध्या दापोली)
देवबागकर, त्याच मर्सरला 2007मध्ये एमएमएवाल्या किंबो स्लाइसने पहिल्याच फेरीत मान आवळून हार मानायला लावलं होतं. तेही सांगा ना. ठोसा बसला तर संपलं, हे मान्य. पण "तर" वर लढत लावता येत नाही.

आणि पट अडवायला सहा महिने पुरतात हे कोच साहेबांचं म्हणणं मला पटत नाही. आमच्याकडे पोरं आठव्या वर्षी मातीत उतरतात आणि विशीतही पट खातात. अडवणं हा अर्धाच भाग झाला. खाली गेल्यावर वर माणूस बसलेला असताना उठायचं कसं, तो दम वेगळा असतो. शिवाय बॉक्सरची एक सवय घातक आहे. दमला की तो मिठी मारतो आणि पंचांनी येऊन सोडवायची वाट बघतो. एमएमएत लगेच सोडवायला कोणी येत नाही. मिठी मारली म्हणजे त्याने स्वतःहून कंबर हातात दिली.

मिऱ्याकाठ
मिठीचा मुद्दा मला लागला. माझीही मुलं तेच करतात, मीच शिकवलंय.

पण टोनीचं उदाहरण मी मानत नाही. त्याने तयारी किती आणि कशी केली होती ते त्याच्या पोटाकडे बघून कळत होतं. तयारी केलेला बॉक्सर म्हणजे होली होम. 15 नोव्हेंबर 2015, मेलबर्न. तोवर अजिंक्य असलेली यूएफसीची विजेती राँडा राऊझी तिला पकडायला धावत होती आणि होम बॉक्सिंगच्या पायांनी बाजूला सरकत ठोसे देत होती. दुसऱ्या फेरीत राऊझी संपली.

डावा कोपरा
संपवलं ते लाथेने, सर. मानेवर बसलेली डावी लाथ. होम किकबॉक्सिंगही खेळलेली आहे.

आणि तुमच्या रिंगणातलं सांगतो. ऑक्टोबर 2023मध्ये रियाधला एमएमएवाल्या फ्रान्सिस एनगानूने पहिल्याच व्यावसायिक बॉक्सिंग लढतीत हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत खाली पाडलं. फ्युरी जिंकला तो तीनपैकी दोन पंचांच्या गुणांवर.

मिऱ्याकाठ
आणि मार्च 2024मध्ये बॉक्सर अँथनी जोशुआने त्याच एनगानूला दुसऱ्या फेरीत झोपवलं. फ्युरी गाफील राहिला, जोशुआ राहिला नाही.

वेंगुर्लेकरीण
मी जिल्हा पातळीपर्यंत बॉक्सिंग खेळले आणि गेलं वर्षभर एमएमएचा सराव करतेय, म्हणून लिहिते. ग्लोव्ह्जबद्दल कोणीच बोललं नाही. बॉक्सिंगचे जाड ग्लोव्ह्ज तोंडासमोर धरले की त्यांच्या आड लपता येतं. एमएमएचे चार औंसांचे, बोटं उघडी. पहिल्या दिवशी मी सवयीने हात वर धरले आणि ठोसा दोन हातांच्या मधून सरळ नाकावर आला. माझा बचाव हातांचा कमी आणि ग्लोव्ह्जचा जास्त होता, हे त्या दिवशी समजलं.

क्लॅरेसा शील्ड्सचं बघा. 2012 आणि 2016 अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं. जून 2021च्या पहिल्या एमएमए लढतीत दोन फेऱ्या ती बहुतेक खालीच होती, तिसऱ्या फेरीत ठोश्यांनी जिंकली. ऑक्टोबरमध्ये दुसरी लढत हरली. 2024मध्ये तिसरी जिंकली, तीही काठावर. जगातल्या सर्वांत चांगल्या बॉक्सरला इतके कष्ट पडले, आणि समोरच्या मुली पहिल्या फळीतल्या नव्हत्या. सर, तुमचे सहा-आठ महिने खूपच कमी आहेत.

मिऱ्याकाठ
बरं, सहा-आठ महिन्यांचा हट्ट सोडतो. दोन-तीन वर्षं धरा. पण तेवढी दिली तर बॉक्सर जिंकेल, यावर मी ठाम आहे.

डावा कोपरा, पुढच्या रविवारी ओहोटीला मांडवीवर या. वाळू ओली आणि घट्ट असते तेव्हा, पडलं तरी लागत नाही. तोंडावर ठोसा नाही, अंगावर फक्त टेकवायचा. तुम्ही घोटा धरा, माझी मुलं पाय मागे टाकून तुमच्या पाठीवर भार द्यायला शिकतील.

डावा कोपरा
येतो. माझ्याबरोबर उजवा कोपराही येईल.