बेड्यावर (आवाराच्या फाटकावर) कॅमेरावाली बेल आणि सोबत हवामानाची नोंद: घरीच बनवायची आहे, सल्ला हवा

खळ्यातला
नमस्कार मंडळी. आई-बाबा गुहागर तालुक्यात, मी पुण्यात. घरापासून बेडं साधारण २५ मीटर, मध्ये उतरण. कोण आलंय ते बघायला भर पावसात खाली जावं लागतं. गेल्या श्रावणात तिथेच आई शेवाळावरून घसरली. हाड वाचलं, पण तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

ईएसपी३२-कॅम (वायफाय आणि कॅमेरा असलेला छोटा बोर्ड) आणलाय, बीएमई२८० (तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा) सेन्सर आणलाय. सोल्डरिंग येतं. हवामान कशासाठी? आंब्याची चाळीसेक कलमं आहेत. मोहराच्या दिवसांत मळभ आणि दमट हवा आली की तुडतुडे आणि भुरी ठरलेली. बाबा तापमान वहीत लिहितात, दमटपणा मात्र अंदाजाने. सगळं एकाच डब्यात बसवू का? ५ व्होल्टचा अडॅप्टर घरात ठेवून वायर बेड्यापर्यंत नेली तर चालेल?

तांब्याची तार
एकच डबा आणि ५ व्होल्टची लांब वायर, दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

आधी वीज. २४ गेजच्या नेटवर्क केबलला मीटरमागे ०.०८४ ओहम रोध असतो. जाऊन-येऊन ५० मीटर म्हणजे सव्वाचार ओहम. कॅमेरा आणि वायफाय मिळून ३०० मिलिअँपिअर ओढू लागले की सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. बेड्यावर पावणेचार उरले की बोर्ड सारखा रीसेट होणार, आणि तुम्ही महिनाभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसाल. घरातून १२ व्होल्ट पाठवा आणि ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बेड्यावरच्या डब्यात ठेवा. २३० व्होल्टची वायर मात्र बेड्याच्या बटणापर्यंत कधीही नेऊ नका. ओल्या हाताने दाबायचं बटण आहे ते.

आता डबा. कॅमेऱ्याचा बोर्ड चांगलाच तापतो. बंद डब्यात शेजारी बीएमई२८० ठेवलात तर तो हवेचं नाही, बोर्डाचं तापमान सांगेल. तापमान चढलं की सापेक्ष आर्द्रता खाली दिसते, म्हणजे तुम्हाला जी हवी तीच नोंद चुकणार. शिवाय ईएसपी३२-कॅमच्या बहुतेक पिना कॅमेरा आणि मेमरी कार्डात गुंतलेल्या असतात. हवामानासाठी साधा ईएसपी३२ वेगळा घ्या आणि तो कलमांतच लावा. सेन्सर पांढऱ्या, खालून-बाजूंनी हवा खेळणाऱ्या झडपांच्या आडोशाला हवा, ऊन थेट नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बटण दाबल्यावर घरातली बेल वायरीनेच वाजली पाहिजे. १२ व्होल्टची साधी बेल लावा. फोटो, मोबाईलवरचा निरोप हे त्यावरचं वाढीव. नेट गेलं, राउटर अडकला, तरी आईंना बेल ऐकू आलीच पाहिजे.

पिनहेडर
वरच्याला +१. तुमचा बीएमई२८० खरा आहे का ते आधी बघा. त्या नावाखाली बीएमपी२८० सर्रास येतो, आणि त्याला आर्द्रता कळतच नाही. चिप-आयडी (सेन्सरमधला ओळख-क्रमांक, हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत) वाचा: ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी.

मांडवीकाठ
आमच्याकडे पणजीजवळ असाच जोड दोन पावसाळे झाले चालू आहे. पहिल्या पावसात पाणी वरून नाही, केबलच्या अंगाने आत शिरलं होतं. म्हणून केबल डब्याच्या खालच्या बाजूने घ्या, आणि आत जाण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, पाणी तिथेच ठिबकून जातं. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप) मारा (सेन्सरचं बारीक भोक आणि कॅमेऱ्याची काच सोडून), नाहीतर खाऱ्या हवेने पिना हिरव्या होतात.

पाऊस मोजायला हेलकावणाऱ्या पळीचं मापक लावणार असाल तर त्याची जाळी दर आठवड्याला बघा. बाजारात सहज मिळतं त्यात एका हेलकाव्याला ०.२८ मिलिमीटर धरतात. आमच्या नरसाळ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. बाहेर धो धो पाऊस आणि मोबाईलवर शून्य.

खळ्यातला
मनापासून आभार. दोन शंका. आमच्या भिंती जांभ्याच्या, बेड्यावर वायफाय अगदी क्षीण येतं. आणि आलेल्या माणसाशी घरातून बोलता येईल का?

तांब्याची तार
ईएसपी३२-कॅमवर बाहेरच्या अँटेनाचं सॉकेट असतं, पण ते चालू करायला शेजारचा मोहरीएवढा रेझिस्टर हलवावा लागतो. हात स्थिर असेल तरच करा. नाहीतर पडवीत दुसरा राउटर लावा. बोलायचं म्हटलं तर त्या बोर्डावर माइकच नाही. त्यासाठी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटा, एका बोर्डावरचा संगणक), माइक, स्पीकर असा पसारा वाढतो. त्यापेक्षा साधा वायरीचा इंटरकॉम बरा, आई-बाबांना शिकवावाही लागत नाही.

पुण्यातून बघायला राउटरवर पोर्ट (बाहेरून थेट आत येण्याची वाट) उघडू नका, वायरगार्ड (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) वापरा. कॅमेऱ्याचं तोंड आपल्या बेड्यापुरतंच ठेवा, शेजाऱ्यांचं अंगण त्यात नको.

खळ्यातला
आत्ताच चिप-आयडी वाचला. ५८. नवा सेन्सर मागवतोय. केबल जमिनीखालून पाइपातून घेईन, गणपतीला जाईन तेव्हा आधी बेल आणि इंटरकॉम. कलमांतला डबा मोहर यायच्या आत. बाबांना सांगितलंय, तोपर्यंत वही चालू ठेवा, दोन्ही नोंदी ताडून बघायच्या आहेत.