टँकर आधी की चर आधी? सरकारने आजचं बघावं की पुढचं?

कोरडवाहू:

परवा आम्ही चौघे टँकरचा प्रस्ताव घेऊन तालुक्याला गेलो होतो. गाव बालाघाटाच्या डोंगरातलं, नाव सांगत नाही. साहेबांनी फाईल चाळली आणि म्हणाले, "तुमचं गाव तर पाच वर्षांपूर्वीच जलपरिपूर्ण झालंय. तुम्हाला टँकर कसला?" जलयुक्त शिवार योजनेची कामं गावात झाली होती हे खरं. नाला खोल केला, तीन सिमेंट बंधारे बांधले, वेशीत फलक लागला. फलक अजून आहे. पाणी फेब्रुवारीतच संपलं. आता आडात रात्री दोनच्या सुमाराला चार-सहा हंडे पाणी साचतं आणि त्यासाठी बायका कंदील घेऊन नंबर लावतात.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने आधी आजचं बघावं. पुढचं दाखवून आजचं टाळता येतं, कारण पुढचा हिशोब मागायला कुणी येत नाही. टँकर आला की नाही हे संध्याकाळपर्यंत हंडा सांगतो. जलयुक्तवर ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळीवर फारसा परिणाम दिसत नाही, हे कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांच्या, अहवालातून कळायला २०२० साल उजाडलं. तोवर ती योजनाच गुंडाळली गेली होती. निळवंडे धरणाचं घ्या. १९७० साली मंजुरी, तेव्हाचा खर्च आठ कोटींच्या आसपास. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि खर्च गेला पाच हजार कोटींवर. "तुमच्या शिवारात पाणी येणार" हे ज्याने १९७० साली ऐकलं, त्याने मधली ५३ वर्षं काय प्यायचं?

विरोधी मतं अवश्य लिहा. फक्त "तहान लागल्यावर विहीर खणू नये" ही म्हण मला कुणी ऐकवू नका. ती तहान न लागलेल्या माणसाने केलेली असणार.

नदीकाठ:

म्हण नाही ऐकवत. पण एक विचारतो, तुमचा टँकर भरतो कुठे? शेजारच्या गावातली विहीर अधिग्रहित करतात. ती आटली की त्याच्या पलीकडच्या गावातली. खेपेचं अंतर वाढत जातं, डिझेल वाढतं, आणि माणशी रोज २० लिटरचा नियम कागदावर राहतो. असं दूर दूर जाता जाता काय होतं ते लातूरने २०१६ साली दाखवलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे ५० वाघिणी आणि २५ लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. देशभर कौतुक झालं. ते कौतुक खोटं नव्हतं, शहर तहानेने व्याकूळ होतं आणि रेल्वेवाल्यांनी काम करून दाखवलं. पण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण काही एका रात्रीत आटलं नव्हतं. २०१४ चा पाऊस कमी, २०१५ चाही कमी. त्या दोन वर्षांत मांजराकाठचा ऊस थांबवला का? नाही. का नाही? कारण त्या त्या वर्षीचं "आजचं" म्हणजे ऊस जगवणं होतं. प्रत्येक वर्षी आजचंच बघितलं म्हणून तर शेवटी रेल्वे आणावी लागली.

आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे हेही विसरू नका. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तेवढं संपलं की आपण पाचशे फूट, आठशे फूट बोअर मारतो. म्हणजे पुढच्या पिढीच्या खात्यातून रक्कम काढतो आणि पासबुक कधी भरून घेत नाही.

आणि तुमची तक्रार वाईट कामाबद्दल आहे, पुढच्यासाठी केलेल्या कामाबद्दल नाही. काम माथ्याकडून पायथ्याकडे यायला हवं. आधी डोंगरावर सलग समतल चर (पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाला. तुमच्याकडे नाल्यातच जेसीबी घातला, कारण नाल्यातल्या कामाचं बिल पटकन निघतं.

चकली:

माथा ते पायथा मीही तीस वर्षं ऐकतोय. माथ्याला वनखातं, पायथ्याला पुढाऱ्याची बागायत. मध्ये आपण.

माहेरवाशीण:

चकली, हसले खरी, पण मुद्दा तिथेच आहे.

नदीकाठ, तुम्ही "पुढचं" म्हणता ते नेमकं कुणाच्या नावावर लागतं? माझ्या सासरी पाणलोटाची कामं उत्तम झाली, फलक लावण्यासारखीच झाली. पाणी मुरलं, पातळी वर आली. मग ज्यांच्याकडे विहिरी आणि वीजजोडणी त्यांनी मोसंबी लावली, दोघांनी ऊस लावला. मार्चमध्ये सगळं पुन्हा खाली. श्रमदानाला डोंगरावर चर खणायला आलेल्या बायकांपैकी निम्म्यांना गुंठाभर जमीन नव्हती. त्यांनी खणलेल्या चरातलं पाणी मोसंबीत गेलं आणि त्या पुन्हा टँकरच्या रांगेत. त्यांना मिळणारा सरकारचा पैसा म्हणजे तो टँकरच.

पुरंदरातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटलं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. त्या अटीवर मी उद्यासाठी दहा वर्षं थांबायला तयार आहे. पण ती अट सरकारने स्वतःच्या किती योजनांना लावली? वाटणीचा नियम आधी ठरत नसेल, तर मी कोरडवाहूंच्या बाजूने. टँकरचं पाणी निदान सातबारा विचारत नाही.

निवृत्त ओव्हरसियर:

मी ७२ साली विशीत होतो. दुष्काळी कामावर मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, भरायला लागलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो, म्हणून चार शब्द.

त्या वेळी आजचं आणि उद्याचं असं भांडण नव्हतं. माणसं उपाशी होती, म्हणून काम काढायचं. काम काढायचंच तर पाझर तलाव, बंडिंग, रस्ता असं काहीतरी टिकणारं काढायचं. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं राज्यभर कामावर होती. मिलो ही आयात लाल ज्वारी खाऊन, सुकडीचं पौष्टिक पीठ खाऊन. पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून त्याचा रोजगार हमी कायदा झाला, १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून. देशाने तीच कल्पना २००५ साली उचलली. आजची मजुरी आणि उद्याचं पाणी एकाच मस्टरवर चढू शकतं, हे मी माझ्या हाताने लिहिलेलं आहे.

उचल फेडतोय:

ओव्हरसियर काका, राग मानू नका. माझी आजी त्याच मस्टरवर होती. तिने पाझर तलाव नाही बांधला, खडी फोडली. ते खडीचे ढीग माझ्या लहानपणापर्यंत रस्त्याच्या कडेला होते. रस्ता झालाच नाही. आम्ही त्या ढिगांवर शेळ्या चारल्या.

इथे सगळे आज-उद्याबद्दल बोलतायत तर आमचं सांगतो. आम्ही ऊसतोडीला जातो. पेरणीच्या तोंडावर मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतो, दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतो, मार्च-एप्रिलला परत. म्हणजे माथ्यावर चर खणायचे, बंधारे दुरुस्त करायचे ते सगळे कोरडे महिने आमचे आधीच विकलेले असतात. घरात पोराचं आजारपण निघालं की पुढचे सहा महिने त्यात गेले. ज्याच्या हातात आज नाही, त्याच्याकडे उद्यासाठी द्यायला दिवसच नसतो. तुम्ही म्हणाल रोजगार हमीत काम मागा. मागितलं. मजुरी खात्यावर दोन महिन्यांनी जमा झाली. किराणा दुकानदार दोन महिने थांबत नाही, मुकादम आगाऊ देतो. कोण जिंकणार?

म्हणून आधी आजचं. फक्त आजचं म्हणजे नुसता टँकर नव्हे. आठवड्याला हातात मजुरी पडली तर मी गाव सोडणार नाही, आणि गाव सोडलं नाही तर चर खणायला मीच असेन.

निवृत्त ओव्हरसियर:

खडीचं खरं आहे. आमच्यातही थट्टा चालायची, की एकाच खडीचं तीनदा मोजमाप होतं. पण तुमच्या आजीला त्या आठवड्याला पैसे मिळाले का, हे विचारून बघा. मिळाले असतील. तुमच्यापेक्षा लवकर मिळाले असतील, याची मला जास्त लाज वाटते.

नदीकाठ:

उचल फेडतोय, तुमचा मुद्दा मला नीट लागला. मजुरीला उशीर म्हणजे सरकारने स्वतःच पुढच्या कामाचं मनुष्यबळ कारखान्याच्या फडात पाठवणं. हे मी मोजलंच नव्हतं. माहेरवाशीण यांची वाटणीची अटही मान्य. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात ग्रामसभा पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते, शेतीला बोअर बंद, ऊस-केळी बंद. अर्थात प्रत्येक गावाला पोपटराव पवारांसारखा सरपंच मिळत नाही आणि १९८९ पासूनचा धीरही नसतो.

पण कोरडवाहू, मूळ धाग्यावर माझा आक्षेप अजून उभा आहे. तुम्ही ज्याला "पुढचं" म्हणताय ते फार पुढचं नाहीच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ऑक्टोबरचं मोजमाप गेल्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून कुठल्या गावांना कधी टंचाई येणार याची यादी निघते. टंचाई आराखडासुद्धा तीन टप्प्यांत असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला, २०२३ साली ४० तालुक्यांत, तोही ३१ ऑक्टोबरलाच. तुमच्या गावचा मे महिना ऑक्टोबरात सरकारच्या टेबलावर होता! माहीत असलेल्या गोष्टीला भविष्य म्हणायचं का? कुणी ज्योतिष सांगितलेलं नाही, टेप टाकून विहीर मोजलेली आहे.

चकली:

ऑक्टोबरात मोजतात हो. पण ऑक्टोबरात हंडामोर्चा निघत नाही ना. आणि रिकामी घागर नसेल तर फोटो कसला छापणार?

माहेरवाशीण:

मग तो दोष ऑक्टोबरात गप्प बसणाऱ्या सगळ्यांचा, आपल्यासकट. तरी नदीकाठ, एक धोका सांगते. "आम्हाला आधीच माहीत होतं" असं म्हणणारी यंत्रणा मे महिन्यात "मग तुम्ही तेव्हा का नाही आलात" असंही विचारते. कोरडवाहूंना परवा तसलंच ऐकावं लागलं. अंदाज बरोबर होता की चूक, त्याची शिक्षा तहानलेल्याला नको.

कोरडवाहू:

सगळ्यांचे आभार. धागा काढताना डोकं तापलं होतं, आता थोडं थंड झालंय.

ऑक्टोबरचा मुद्दा मला पटला, आणि पटल्यावर जास्त चीड आली. आमच्या ओढ्यावर जुना कोल्हापुरी बंधारा आहे. जलयुक्तच्या आधीचा, कुठल्या फलकावर नसलेला. पाऊस संपला की त्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, घालायचे असतात. घातले तर पाणी डिसेंबर-जानेवारीपर्यंत हटत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. काल जाऊन बघितलं. निम्मे बरगे गायब, बहुतेक भंगारात गेले, उरलेल्यांचं रबर कुजलंय. तीन नवे बंधारे बांधायला पैसे होते, जुन्याला रबर लावायला नव्हते. याला आजचं म्हणायचं की पुढचं, मला आता सांगता येईना.

तरी माझी बाजू सोडत नाही. संयुक्त पाहणीसाठी आज पुन्हा अर्ज दिलाय, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी या दोघांच्या नावाने, वेगवेगळा. "जलपरिपूर्ण" हा शेरा टँकर नाकारायला कुठल्या नियमात बसतो ते लेखी मागितलंय. सोबत आडाचा रात्री दोन वाजताचा फोटो जोडला.

ओव्हरसियर काका, बरग्यांचं काम रोजगार हमीत बसतं का, की ते साहित्याच्या खर्चात जातं? ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे.

निवृत्त ओव्हरसियर:

नुसत्या बरग्यांना मजुरी कमी आणि साहित्य जास्त, त्यामुळे कारकून अडवेल. बंधाऱ्यामागचा गाळ काढणं आणि बाजूच्या मातीच्या भरावाची डागडुजी असं काम आधी मागून बघा. ते मस्टरवर चढायला सोपं. बरगे ग्रामपंचायतीच्या निधीतून घ्या. आणि मोजताना एकेक बरगा हाताने उचलून मोजा. रजिस्टरात आहेत म्हणून आहेत असं धरू नका.