मदत हवी आहे: एक्सेलमधला ग्राफ चुकतोय, उद्या प्रकल्प द्यायचाय

रेवाची_आई:
लेकीचा नववीचा विज्ञान प्रकल्प आहे, गरम पाणी किती वेळात निवतं. रीडिंग झाली, तक्ता झाला, पण ग्राफ सरळ काठीसारखा येतोय आणि बाई म्हणाल्या चुकलाय, परत काढून आण. दोन तास झाले बसलेय. पटकन सांगा कुणीतरी प्लीज.

सह्याद्रीवारा:
कुठला ग्राफ? रीडिंग किती, कितीकिती वेळाने घेतली? तक्ता टाका, त्याशिवाय काय सांगणार ताई.

खडूफळा:
बार ग्राफ काढा. वीस वर्षं शिकवतोय, मुलांना बारच पटकन कळतो.

सह्याद्रीवारा:
सर, बार तुलनेला. स्टीलचा पेला, काचेचा, मातीचा, अर्ध्या तासाने कशात किती तापमान, तिथे बार. इथे वेळ सलग चाललाय.

खडूफळा:
पावसाचे महिन्यावार बार काढतातच की, तोही वेळच.

सह्याद्रीवारा:
तिथे एक बार म्हणजे महिनाभराची बेरीज असते. इथे त्या त्या क्षणाचं रीडिंग आहे.

गोदाकाठ:
घरचा तापाचा थर्मामीटर वापरला नाही ना? तो ४२ च्या पुढे जात नाही, कढत पाण्यात फुटतो.

रेवाची_आई:
नाही हो, शाळेतलाच आणलाय. लाइन चार्ट काढला. रीडिंग अशी, सगळी सेल्सिअसमध्ये:
० मि. – ८०
२ मि. – ७४
४ मि. – ६९
६ मि. – ६५
१० मि. – ५८
१५ मि. – ५२
२० मि. – ४७
३० मि. – ४१

सह्याद्रीवारा:
सापडलं! लाइन चार्टला तुमची वेळ म्हणजे नुसती लेबलं, त्यामुळे २ आणि ४ मध्ये जेवढी जागा तेवढीच २० आणि ३० मध्ये. प्रत्येक टप्प्याला उतरलेत ६, ५, ४, ७, ६, ५, ६ अंश, जवळपास सारखेच, म्हणून काठी. खरं तर सुरुवातीला मिनिटाला ३ अंश उतरलंय आणि शेवटच्या दहा मिनिटांत मिनिटाला जेमतेम ०.६. स्कॅटर चार्ट घ्या, त्यात ठिपके वेळेच्या खऱ्या अंतरावर बसतात.

रेवाची_आई:
घेतला, ठिपके आले, पण खाली १ ते ८ आकडे येतायत, ३० कुठे दिसतच नाही!!

जुनापीसी:
सेलमध्ये "२ मि." असं टाइप केलंय का? आकडे सेलच्या डावीकडे चिकटलेत की उजवीकडे?

रेवाची_आई:
डावीकडे. हो, मि. लिहिलंय सगळीकडे, एकक लिहायलाच सांगितलंय ना.

जुनापीसी:
डावीकडे म्हणजे एक्सेल त्याला अक्षरं समजतंय, मग ते आपलं १, २, ३ मोजत बसतं. एकक हेडिंगमध्ये एकदाच, "वेळ (मिनिटे)", खाली नुसते आकडे. कंट्रोल एच दाबून " मि." शोधा, बदलायची जागा रिकामी ठेवा, रिप्लेस ऑल. पुसताना मधली स्पेसही गेली पाहिजे.

आलेखकागद:
एवढ्यात आलेख कागदावर पेन्सिलने झाला असता. ठिपके पट्टीने जोडू नका, हाताने सलग वक्र काढा, एखादा ठिपका बाजूला राहिला तरी चालतो. वाय अक्ष ३५ ते ८५ घ्या.

खडूफळा:
अक्ष शून्यापासूनच हवा, नाहीतर फसवा दिसतो.

आलेखकागद:
बारला हवाच सर, तिथे उंची मोजतो आपण. इथे ठिपक्याची जागा वाचायची.

गोदाकाठ:
प्रिंट रंगीत काढा, मार्क वाढतात.

रेवाची_आई:
आला!! आधी घसरगुंडीसारखा खाली, मग आडवा होत गेलाय. खूप खूप आभार सगळ्यांचे. लेक विचारतेय खोलीचं तापमान २९ होतं, ते कसं दाखवायचं?

सह्याद्रीवारा:
२९ वर आडवी तुटक रेष काढा, वाय अक्ष २५ पासून घ्या म्हणजे मावेल. वक्र तिच्याकडे झुकत जाताना दिसेल.