नववी-दहावीच्या मुलांना कारखान्यातील कामाची वाट शाळेतूनच कशी दाखवावी?

प्रश्न – माध्यमिक शिक्षिका, करवीर

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आमच्या शाळेपासून जवळ असूनही तेथील फौंड्रीत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) आणि मशीन शॉपमध्ये (धातूचे भाग यंत्रांवर कातून घडवणाऱ्या कारखान्यात) नेमके काय चालते, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. कमी गुण पडले की आयटीआय, असा पालकांचा पक्का समज आहे आणि मुलींना तर तो पर्याय कोणी सुचवतही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची सूचना आहे. एवढ्याने भागेल का?

उत्तर – आयटीआयमधील निदेशक

माझ्या मते भागणार नाही, कारण नुसते पाहून हाताला वळण लागत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून जे उभे केले, त्याचा अभ्यास आपण जरूर करावा. त्यातून आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, शेती अशी प्रत्यक्ष कामे करतात आणि गावाला लागणाऱ्या वस्तू तयार करून देतात.

सुरुवात लहान असली तरी चालेल. लेथवर (धातू फिरवून कातण्याच्या यंत्रावर) कातलेला एक गोल दांडा आणि ०.०२ मिमी लघुतम मापाचा व्हर्नियर (वस्तू जबड्यांत धरून मोजण्याचे साधन) वर्गात आणावा आणि एकाच दांड्याचा व्यास तीन ठिकाणी मोजायला सांगावा. तिन्ही मापे वेगळी आली की दांडा निमुळता कातला गेला आहे की मोजताना जबडे तिरके धरले गेले, हे मुले स्वतःच शोधू लागतात. फिटर (सुटे भाग घडवून जुळवणारा) किंवा टर्नरच्या (लेथवर काम करणाऱ्याच्या) कामाचा गाभा या शोधातच आहे आणि त्याची गोडी कोणाला आहे, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

उत्तर – मशीन शॉपचे मालक

भेटीला अवश्य या, मात्र फौंड्रीतील भट्टीजवळ मुलांना नेऊ नये. तेथील पॅटर्न (साचा घेण्यासाठीचा नमुना), कोअर (ओतीव भागात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) आणि तपासणी विभागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शिकाऊ उमेदवारीचा विचार दहावीनंतरच करावा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार किमान वय १४ वर्षे असले तरी धोकादायक उद्योगांसाठी ते १८ आहे. शिवाय तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच उमेदवार घेणे बंधनकारक असल्यामुळे आमच्यासारख्या लहान कारखान्यांशी शाळेने स्वतः बोलणी करावी लागतील. आम्हाला यंत्रभागांचे ड्रॉइंग वाचता येणारी मुले हवी आहेत, आणि त्याचा पाया शाळेतील भूमितीतच घातला जातो.

उत्तर – पालक

पुढची दारे बंद होतील, ही आमची खरी भीती आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे मला मुलाच्या प्रवेशाच्या वेळी फार उशिरा समजले. शाळेने पालकसभेत ही माहिती फळ्यावर लिहून द्यावी. त्याचबरोबर कंत्राटी नोकरीत सुरुवातीला पगार किती मिळतो आणि कायम होण्याची शक्यता कितपत असते, हेही मालकांनी त्याच सभेत मोकळेपणाने सांगावे. ते टाळून मुलांना तिकडे वळवणे योग्य होणार नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपणा सर्वांचे आभार. पुढील पालकसभा नववीसाठीच घेण्याचे मी मुख्याध्यापकांना सुचवते, म्हणजे निर्णयाला वर्षभराचा अवधी मिळेल. निदेशक महोदय, आपल्या संस्थेत टर्नर किंवा मशिनिस्टचे शिक्षण घेणारी एखादी विद्यार्थिनी त्या सभेत बोलायला येऊ शकेल का?