कॅटॅक्लिझमने खेळ मोडला, हे म्हणणे मला मान्य नाही

मेघडंबरी :

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या कॅटॅक्लिझम या विस्ताराबद्दल काल येथे एका सदस्याने लिहिले, की ‘कॅटॅक्लिझमने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा जीव घेतला, चांगल्या नांदत्या जगाची उगीच नासधूस केली आणि त्या दिवसापासून खेळाला उतरती कळा लागली.’ हे मत मी गेली अनेक वर्षे वाचत आलो आहे. आज मात्र गप्प बसवत नाही.

७ डिसेंबर २०१० रोजी हा विस्तार आला, तेव्हा जुने जग नांदते होते हेच मुळात खरे नाही. आपण सगळे ऐंशी ही तेव्हाची शेवटची लेव्हल गाठून आधीच्या विस्ताराने दिलेल्या नॉर्थरेंड खंडात होतो आणि जुन्या दोन्ही खंडांवर शुकशुकाट होता. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या लेव्हलपासून साठपर्यंत २००४ सालच्याच क्वेस्ट (नेमून दिलेली कामगिरी) कराव्या लागत. एकाच प्रकारची जनावरे मारत, हवी ती वस्तू मिळेपर्यंत तासन्‌तास घालवायचे आणि ती देण्यासाठी अर्धा प्रदेश पायी तुडवायचा. माझ्या धाकट्या भावाने तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिशीच्या आत सोडून दिले.

वेस्टफॉल या जुन्या प्रदेशाचेच पाहा. तिथल्या डेडमाइन्स या डंजनमध्ये, म्हणजे गटाने लढायच्या भुयारात, एडविन व्हॅनक्लीफ या म्होरक्याला आपण किती वेळा मारले असेल, याची गणती नाही. नव्या वेस्टफॉलमध्ये होप साल्डीन नावाची एक मुलगी भुकेल्या, बेघर लोकांना जेवू घालताना भेटते, आपण तिला हातभार लावतो, आणि शेवटी कळते, की ती एडविनची मुलगी व्हेनेसा आहे. बापाला मारले गेले तेव्हा ती तेथेच होती. आपण ज्याला केवळ एक बॉस समजत होतो, त्याच्यामागे एक घर होते, हे जुन्या जगाने कधी सांगितले होते का?

काळवीट :

तो ‘एक सदस्य’ मीच आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो.

विस्तार म्हणजे आहे त्यात भर घालणे. आधीच्या दोन विस्तारांपैकी द बर्निंग क्रुसेडने आउटलँड दिले, रॅथ ऑफ द लिच किंगने नॉर्थरेंड दिले, आणि दोघांनीही आधीच्या प्रदेशांना फारसा हात लावला नाही. कॅटॅक्लिझमने लेव्हल फक्त पाचने वाढवल्या आणि त्या बदल्यात डेथविंग या ड्रॅगनच्या नावाखाली बॅरन्सचा प्रदेश मधोमध फाडला, ऑबरडाइन गाव उद्ध्वस्त केले आणि थाउजंड नीडल्सची घळ पाण्याखाली घातली. त्या घळीत उतरवणाऱ्या ग्रेट लिफ्टवर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तो क्षण मला आजही लख्ख आठवतो. पाळणा करकरत खाली जाऊ लागला आणि दगडी सुळक्यांमधली ती कोरडी घळ हळूहळू वर येऊन अंगावर झेपावली. खाली पोचल्यावर बराच वेळ मी एकही क्वेस्ट घेतली नाही, नुसता चालत राहिलो. आज त्या जागी होडी मिळते आणि सुळक्यांची डोकी तेवढी दिसतात.

बॅरन्समध्ये मॅनक्रिक या पात्राच्या हरवलेल्या बायकोला शोधायच्या क्वेस्टमध्ये आम्ही सगळे एकदा तरी रस्ता चुकलो आणि प्रत्येकाने तोच प्रश्न चॅटमध्ये विचारला. त्या हरवण्यातूनच ओळखी झाल्या. तुमच्या नव्या क्वेस्ट माणसाला बोट धरून नेतात. रांगेत पुढे सरकायचे, एवढेच काम उरते. ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार होते, २०११ च्या अखेरीस ते १ कोटी २ लाखांवर आले. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जुने जग क्लासिक या वेगळ्या आवृत्तीच्या रूपाने परत आणावे लागले. याहून वेगळा पुरावा काय हवा?

पाणकणीस :

घळीत पाणी भरले म्हणून अठरा लाख लोक गेले, असे तुम्हाला खरोखर वाटते का? लोक गेले ते डंजनसाठी आपोआप गट जुळवणाऱ्या डंजन फाइंडरमुळे. अनोळखी माणसांना एकमेकांशी न बोलता पाच जणांच्या गटात ढकलायची सवय एकदा लावली आणि मग त्याच गटांपुढे कॅटॅक्लिझमची हिरॉइक, म्हणजे जास्त अवघड, डंजने ठेवली.

मी हीलर, म्हणजे गटाच्या जखमा भरून काढणारी, होते. स्टोनकोअर डंजनमधला ओझ्रुक हा बॉस आठवतो ना? तो सगळ्यांना जखडून टाकतो आणि लगेच शॅटर हा जबर वार मारतो. सुटायचे असेल तर आधीच आपल्या अंगावर झिरपत राहणारी एखादी इजा असावी लागते, म्हणून जादूगारांनी त्याच्या परावर्तित करणाऱ्या ढालीवर जाणूनबुजून एखादा छोटा शाप टाकून तो स्वतःवर उलटवून घ्यायचा. हे ज्याला ठाऊक नाही त्याला समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात. मी ती दोन मिनिटे मागितली. तेवढ्यात टँक, म्हणजे शत्रूचे वार अंगावर घेणारा, पुढे धावला, आम्ही सगळे मेलो, ‘हीलर निरुपयोगी आहे’ एवढेच लिहून तो निघून गेला आणि उरलेल्या तिघांनी मत देऊन मला गटाबाहेर काढले. पाऊण तास रांगेत थांबून मिळालेले डंजन होते ते. जानेवारी २०११ मध्ये हे तीन वेळा घडले आणि मी हीलिंग कायमचे सोडले.

उत्तररात्र :

फाइंडरवर इतक्या सहजपणे खापर फोडू नका. पहिली गोष्ट म्हणजे तो कॅटॅक्लिझमने आणला नाही. तो रॅथच्या काळात, डिसेंबर २००९ मध्ये आला. दुसरी गोष्ट, त्याच्याआधीचे दिवस इतके सोन्याचे होते, असे ज्यांना वाटते त्यांच्या हाताशी भरपूर वेळ होता. माझी तेव्हा रात्रपाळी असे. घरी येऊन लॉगिन केले, की राजधानीत उभे राहून ‘टँक हवा, टँक हवा’ असे ओरडत बसायचे; टँक मिळाला, की हीलर कंटाळून निघून गेलेला असायचा. पाचही जण जमले तरी दोघांनी आधी डंजनच्या दारातल्या दगडापाशी पोचून बाकीच्यांना बोलावून घ्यायचे. कित्येक दिवशी डंजनचे तोंडही न पाहता मी झोपायला गेलो आहे. फाइंडर आला आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला हा खेळ खेळता आला.

पाणकणीस :

तुम्हाला डंजन मिळाले आणि त्याची किंमत आमच्यासारख्यांनी मोजली. पूर्वी वाईट वागणाऱ्या टँकचे नाव सर्व्हरभर होत असे, त्याला पुन्हा कोणी गटात घेत नसे. फाइंडरमध्ये तो दुसऱ्या सर्व्हरचा असतो, तोंड पुन्हा दिसायचे नसते, मग सभ्यपणा कशासाठी पाळायचा?

उत्तररात्र :

असभ्यपणा माणसांचा आणि शिक्षा यंत्रणेला, हा कुठला न्याय झाला? सर्व्हरभर नाव होण्याचे कौतुक मला सांगू नका. आमच्या सर्व्हरवर एका बड्या गिल्डच्या (खेळाडूंच्या कायम संघाच्या) म्होरक्याशी माझा लुटीवरून वाद झाला आणि त्यानंतर दोन महिने मला कोणी रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) घेतले नाही. तुमच्या त्या लहान गावात गावगुंडही असत. सप्टेंबर २०२२ मध्ये रॅथ क्लासिक आला तेव्हा तुमच्याच मताचा मान राखून फाइंडर वगळला होता. २०२३ मध्ये तो परत आणावा लागला. लोकांना तो हवा होता.

शेवटचा पहारा :

दोघेही भलत्याच दारावर धडका मारत आहात. गिल्ड मोडल्या त्या फाइंडरमुळे नव्हे, रेडच्या नियमामुळे. रॅथमध्ये दहा आणि पंचवीस जणांच्या रेड वेगवेगळ्या मोजल्या जात. एकाच आठवड्यात दोन्ही करता येत. कॅटॅक्लिझममध्ये दोन्हींची आठवड्याची मर्यादा एक झाली आणि लूटही एकाच दर्जाची झाली. मग पंचवीस जणांची मोट बांधायची कशाला?

आमच्या गिल्डची यादी माझ्याकडे असे. तीन आठवडे आम्ही बावीस-तेवीसवर अडकून रात्र वाया घालवली, तेव्हा आमच्यातल्या सर्वोत्तम नऊ जणांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की आपण दहाच जण खेळू. मी तयार झालो. त्या रात्री यादीतून पंधरा नावे खोडायची होती, आणि त्यांत आमच्याबरोबर चाळीस जणांच्या मोल्टन कोअर या जुन्या रेडपासून असलेली एक बाई होती. तिचा नेम फारसा चांगला नव्हता, पण ती एकही रेड चुकली नव्हती. मी तिला निरोप लिहिला. तिने ‘समजले’ एवढेच उत्तर दिले आणि त्यानंतर ती कधीच लॉगिन झाली नाही. उन्हाळ्यापर्यंत आम्ही दहाही जण पांगलो.

पाणकणीस :

हे मला माहीत नव्हते, कारण मी कधी पंचवीसची रेड केली नाही. तरीही उत्तररात्र यांना सांगते : तुम्हाला मिळालेले डंजन मी नाकारत नाही, ते मिळायलाच हवे होते. पण तुमच्या गटात मागे राहून समजावून सांगणारा हीलर कोणीतरी होता, आणि त्याचे काय झाले हे तुम्ही कधी विचारले नाही.

उत्तररात्र :

नाही विचारले. ते खरे आहे.

मेघडंबरी :

चर्चा फाइंडरकडे वळली, तरी त्यातून माझाच मुद्दा पुढे आला. अवघड हिरॉइक डंजने, रेडची मर्यादा, अखेरीस ड्रॅगन सोल या शेवटच्या रेडवर काढावे लागलेले जवळजवळ दहा महिने, या चुका मी कधी नाकारल्या नाहीत. त्या नियमांच्या चुका होत्या, आणि नियम पुढे बदलतात. जुन्या जगाची पुनर्रचना ही वेगळी गोष्ट आहे. मे २०२४ मध्ये कॅटॅक्लिझम क्लासिक आला, तेव्हा मी पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली आणि सोबत तोच भाऊ होता. या वेळी त्याने पंच्याऐंशी गाठली. वेस्टफॉलमध्ये सेंटिनल हिलची वस्ती जळताना पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने एडविन कोण होता ते विचारले.

काळवीट :

म्हणजे एडविन कोण होता हे सांगायला शेजारी जुना खेळाडू लागलाच, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. ज्याने जुने वेस्टफॉल पाहिले नाही, त्याला व्हेनेसा ही केवळ एक मुलगी आहे.

वर्गणीदारांचे आकडे मी एकट्या मोडतोडीवर लादले, ते चुकले. पहारा यांनी सांगितले ते मी स्वतःच्या गिल्डमध्येही पाहिले होते आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. वेस्टफॉलची नवी कथा जुनीपेक्षा सरस आहे, हेही मान्य करतो. थाउजंड नीडल्सच्या बाबतीत मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही.