‘बोराहे’ला शब्द मानायचे की नाही?

कोथरूडची आई : बीटीएस या सात कोरियन गायकांच्या गटाच्या चाहत्या मुलींचे ‘बोराहे’, ‘बायस’, ‘कमबॅक’ हे शब्द म्हणजे निव्वळ बडबड आहे, असे प्रभातरोडकर यांनी काल लिहिले; ते वाचून राहवले नाही. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी सोलमधील चाहत्यांच्या मेळाव्यात गटातील व्ही या गायकाने ‘बोराहे’ जागच्या जागी घडवला. इंद्रधनुष्याचा शेवटचा रंग जांभळा, म्हणून शेवटपर्यंत विश्वास आणि प्रेम, असा त्याचा अर्थ. शाळा बदलल्यापासून माझी मुलगी वर्षभर कोणाशी धड बोलत नव्हती. तुळशीबागेत तिच्या मनगटावरचे जांभळे मणी पाहून एका अनोळखी मुलीने हा एकच शब्द उच्चारला आणि दोघी बांगड्यांच्या दुकानासमोर अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या. ही बडबड नव्हे.

प्रभातरोडकर : मुलीला मैत्रीण मिळाली, आनंद आहे, पण त्यामुळे भाषेची हेळसांड क्षम्य ठरत नाही. जे कोठेही गेलेच नाहीत, त्यांचे नवे गाणे आले की ‘कमबॅक’ आणि पक्षपातासारखा दोष सर्वांत आवडत्या गायकाचे नाव म्हणून, ‘बायस’ म्हणून मिरवायचा! सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ घडवले ते सर्वांसाठी. माझी नात जेवायला बसल्यावर जे बोलते, ते मला कळत नाही.

नाट्यवेडा : मग ‘वन्समोअर’चे काय? बालगंधर्वांच्या पदांना आपल्या आजोबांनी वन्समोअर दिले, ते कोणता कोश पाहून?

प्रभातरोडकर : दोन्ही एका तागडीत तोलू नका. वन्समोअरचा अर्थ नवख्यालाही टाळ्यांवरून कळत असे. आपण नाट्यसंगीताचा अपमान करीत आहात.

नाट्यवेडा : अपमान मी करतो? चाळीस वर्षे तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आहे! ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सवाला पहिल्यांदा आलेल्या माझ्या पत्नीला, गायकाच्या सुंदर स्वररचनेला दिलेली ‘काय जागा घेतली!’ ही दाद ऐकून कोणी खुर्ची अडवली असेच वाटले होते. रसिकांची भाषा बाहेरच्याला आधी कळत नाहीच.

कोथरूडची आई : २०२१ साली नेलपॉलिश विकणाऱ्या एका कोरियन कंपनीने ‘बोराहे’ स्वतःच्या नावावर नोंदवण्यासाठी अर्ज केला होता, चाहत्यांच्या विरोधामुळे तिला तो मागे घ्यावा लागला. शब्दाची एवढी राखण आपण कधी केली?

प्रभातरोडकर : हे मला ठाऊक नव्हते. ‘बोराहे’ मानतो. ‘बायस’ मात्र मानणार नाही. त्यासाठी ‘लाडका’ आहे.

कोथरूडची आई : मुलीला विचारले. ती म्हणते, लाडके सातही आहेत. बायस एकच, आणि त्याचे स्थान डळमळीत करणारा तो ‘बायस रेकर’. यांना मराठी शब्द सुचल्यास कळवावे, ती वही घेऊन बसली आहे.